खंडेनवमीची तलवार: पूजा, रक्ताची समजूत आणि पात्यावरचे तांबडे ठिपके

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजोबांपासून आलेली तलवार घरात आहे. वर्षभर ती देवघराशेजारी म्यानात उभी असते. खंडेनवमीला बाहेर काढून पंचामृताने धुता, हळदकुंकू लावता, हार घालता आणि दसऱ्याला रात्री परत म्यानात. उपसलेलं पातं रक्त दाखवल्याशिवाय म्यान करू नये असं काकांचं म्हणणं, म्हणून त्याच पात्याने लिंबू कापता. यंदा पात्यावर तांबडे ठिपके आले. तर ती घासून चकचकीत करावी का, आणि पूजा बंद करावी लागेल का?

पूजा बंद करायची काही गरज नाही. घासायचं मात्र नाव काढू नका. शंभर वर्षांचा गंज जेवढं बिघडवत नाही तेवढं पॉलिश पेपर एका दुपारी बिघडवतो. ठिपके आले ते तीन गोष्टींमुळे: म्यान, पंचामृत आणि लिंबू. सगळे लिंबावर संशय घेतात, पण बहुतेक घरांत मोठा वाटा म्यानाचा असतो. त्याकडे येऊच, आधी पूजेचं बघू, कारण अडचण तिथेच वाटते आहे.

आयुधपूजा आश्विनात का, याचं पुराणातलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं शमीवर ठेवली आणि ती पुन्हा काढली. पण विराटपर्वात ती ठेवली कशी, हे जरा नीट वाचण्यासारखं आहे. धनुष्यांच्या दोऱ्या आधी उतरवल्या. मग नकुल झाडावर चढला आणि तिरपा पाऊसही जिथे पोचणार नाही अशा जागा बघून त्याने शस्त्रं घट्ट बांधली. कोणी फिरकू नये म्हणून एक प्रेतही झाडाला बांधलं. थोडक्यात ताण काढा, पाणी लागू देऊ नका, लोकांच्या हाती पडू देऊ नका. शस्त्र साठवण्याचे आजचे नियमही याहून फार वेगळे नाहीत.

आपल्याकडचं व्यवहारातलं कारण त्याहून सरळ. पावसाळ्याचे चार महिने मोहिमा बंद. नद्या भरलेल्या, घोडी तबेल्यात, हत्यारं म्यानात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीला निघायच्या, म्हणजे आदल्या दिवशी प्रत्येक पातं बाहेर निघणं, पुसलं जाणं, मूठ हलते का बघणं ओघानंच आलं. खंडेनवमीला जे मांडलं जायचं ते असं तपासून, शिकलगाराच्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्याच्या, हाताखालून आलेलं हत्यार असायचं. आज आपण फक्त मांडणी ठेवली आणि तपासणी सोडली. तुमच्या घरी पूजेच्या निमित्ताने वर्षातून एकदा पातं उपसलं जातं म्हणून निदान ठिपके दिसले तरी. ज्यांनी भीतीपोटी वीस वर्षं उपसलेलीच नाही, त्यांच्या म्यानात बऱ्याचदा पात्याऐवजी तांबडा भुगा असतो.

आता मूळ समजुतीबद्दल. मराठी मनात शस्त्र पवित्र ते त्यात देवी वसते म्हणून. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात अफजलखानाच्या भेटीआधी तुळजाभवानी महाराजांना दर्शन देते आणि आपण तुझ्या तलवारीत उतरलो आहोत असं सांगते. देवीने स्वतःच्या हातांनी तलवार दिली, हे चित्र नंतर घरोघरी लागलं. फरक बारीक आहे पण पूजेच्या दृष्टीने महत्त्वाचा. तलवार ही देवीने दिलेली वस्तू नाही, ती देवीची बसायची जागा आहे. साताऱ्यात जलमंदिरातली भवानी तलवार दसऱ्याला वाजतगाजत नेतात ती याच भावनेने. कोल्हापूरची जगदंबा तलवार १८७५-७६ मध्ये चौथ्या शिवाजी महाराजांच्या वेळी प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेली आणि ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात राहिली, याची बोच अजून जात नाही तीही त्यामुळेच. नुसत्या पोलादासाठी एवढं कोणी हळहळत नाही.

गंमत अशी, की या देवीच्या तलवारींपैकी कितीतरी पाती परदेशी. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांकडून आलेली सरळ पाती इथे फिरंग म्हणून ओळखली जायची. त्यांना आपल्याकडची मूठ बसवली की ती घरची होत. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून परत आणलेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार घ्या. पातं युरोपीय, मूठ आपली, आणि पात्यावर देवनागरीत सेनासाहेबसुभा रघुजींचं नाव आणि ‘फिरंग’ हा शब्द सोन्यात. तेव्हा तुमच्या पात्यावर परकी अक्षरं किंवा चंद्रकोरीसारखे शिक्के निघाले तर ‘ही आपली नव्हेच’ असं समजून पूजेतून काढू नका. आणि ते शिक्के घासून पुसू नका, तीच पात्याची जन्मपत्रिका.

आता रक्ताचं. उपसलेलं पातं कोरडं म्यानात जाऊ नये ही समजूत एकट्या मराठ्यांची नाही. राजपूत, शीख, गुरखा अशा बऱ्याच लढवय्या समाजांत तिची रूपं सापडतात. तिच्या पोटात एक शहाणपण आहे: हत्यार उगीच उपसू नका, उपसलंत तर त्याची किंमत मोजावी लागेल. हा धाक माणसासाठी आहे, पात्यासाठी नाही. आणि आपल्या कुळाचारांनी त्याला पर्याय कधीच शोधून ठेवले आहेत. बळीच्या जागी कोहळा आला, कोहळ्याच्या जागी लिंबू आलं. जिथे रक्ताची जागा फळाने घेतली तिथे ते फळ याच पात्याने कापलं पाहिजे असं कुठे आहे? कोहळा किंवा लिंबू घरच्या कोयत्याने किंवा विळीवर कापा, तलवारीसमोर ठेवा, कुंकू लावा. काकांना हे पटायला जड जाणार नाही, कारण बोट कापून थेंब लावण्याऐवजी लिंबू आलं तेव्हाही कोणीतरी असाच बदल केला होता.

लिंबू नेमकं काय करतं ते सांगतो. त्यातलं सायट्रिक आम्ल पोलादावर काही मिनिटांत काम सुरू करतं. रस ओघळला त्या रेषेत पातं आधी राखाडी होतं, पुसलं तरी तो डाग राहतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पहिला गंज त्याच रेषेत धरतो. पातं जुन्या पोलादाचं असेल, ज्यावर पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी दिसते आणि जाणकार ज्याला जौहर म्हणतात, तर लिंबाने ती नक्षी क्षणभर खुलते. म्हणून काही विक्रेते गिऱ्हाईकासमोर मुद्दाम लिंबू चोळतात. नक्षी दिसते, माल विकला जातो, आणि नंतर नीट न धुतलेलं पातं काळंनिळं पडतं ते घेणाऱ्याच्या घरी.

लग्नातल्या कट्यारीचं दुखणंही हेच. नवरदेवाच्या हातात कट्यार आणि तिच्या टोकाला दृष्ट लागू नये म्हणून खोचलेलं लिंबू. हळदीपासून वरातीपर्यंत ते लिंबू तसंच. जुन्या कट्यारीचं टोक चिलखताची कडी फोडता यावी म्हणून मुद्दाम जाड केलेलं असतं. पण अशा घरांतल्या कट्यारींची टोकं हातात घेऊन बघा, शेवटचा इंचभर भाग खड्ड्याखड्ड्यांचा आणि काळा असतो. लिंबू खोचायचंच तर टोकावर आधी मेणाचा जाड थर द्या, किंवा सरळ बाजारातली नवी कट्यार घ्या आणि जुनी चौरंगावर ठेवा. टोकाला लिंबू असलं की कोणाच्या डोळ्यात कट्यार जात नाही, हा त्यातला खरा उपयोग. तो नव्या कट्यारीनेही होतो.

पंचामृत. दह्यात लॅक्टिक आम्ल, मध आणि साखर हवेतली ओल ओढून धरतात, दूध आणि तूप सांध्यांत बसून आंबतं. मूर्ती धुता येते, कारण तिला सांधे नसतात. तलवारीला असतात. मुठीची खालची वाटी, परज म्हणजे बोटांवरून येणारा वाक, आणि पातं मुठीत शिरतं ती फट. त्या फटीत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. आपल्याकडच्या तलवारीत पात्याचा शेपटासारखा भाग मुठीच्या पोकळीत गरम लाख किंवा राळ ओतून बसवलेला असतो. आत गंज धरला की तो फुगतो, लाख तडकते आणि एक दिवस मूठ हातात आणि पातं जमिनीवर. मर्दानी खेळाच्या आखाड्यांत म्हणूनच जुनी मूठ आधी हलवून बघतात आणि मग फिरवतात.

स्नान घालायचंच असेल तर धर्मशास्त्रातच सोय आहे. मातीची मूर्ती, चित्र, पट यांना पाणी चालत नाही तिथे आरसा समोर ठेवून प्रतिबिंबाला स्नान घालतात, दर्पणस्नान म्हणतात त्याला. ताम्हनात छोटा आरसा ठेवा, तलवार त्यात दिसेल अशी धरा किंवा मांडा, आणि पंचामृत आरशावर. उरलेलं फुलाने शिंपडायचं ते चौरंगाभोवती. गुरुजींना आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पळी पात्यावर वळणार नाही.

आता म्यान. म्यान म्हणजे लाकडाच्या दोन फळ्या, वर चामडं किंवा मखमल, तोंडाशी मोहनाळ आणि टोकाला तैनाळ ही धातूची टोपणं. लाकूड पावसाळ्यात ओल पितं, चामड्यात कमावतानाची आम्लं राहिलेली असतात, आणि म्यान उभं ठेवलं की सगळी ओल आणि कचरा खाली तैनाळात साचतो. म्हणून टोकाकडचे चार बोटं सगळ्यात आधी जातात. तुमचे ठिपके कुठे आहेत ते बघा. टोकाकडे दाट असतील तर म्यान, मुठीजवळ असतील तर पंचामृत, मध्येच तिरप्या रेषेत असतील तर लिंबू. इतकं सरळ निदान दुसऱ्या कशाचं क्वचितच होतं.

तेव्हा पातं वर्षभर म्यानाबाहेर ठेवायचं. ‘म्यान रिकामं ठेवू नये’ असं काही घरांत मानतात. त्यासाठी पात्याच्या मापाची लाकडी पट्टी करून म्यानात घाला, तिने म्यानाचा आकारही टिकतो. पातं धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून आडवं ठेवा. खोकं लाकडी असेल तर सागवान बरं. प्लायवूड आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ सुटते. आत सिलिका जेलच्या पुड्या, तलवारीच्या लांबीच्या बंद खोक्याला साधारण पाव किलो. रंग बदलणारं जेल घ्या. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवून पुन्हा वापरता येतं. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर जून, ऑगस्ट आणि सप्टेंबरअखेर असं तीनदा खोकं उघडून बघा. सोलापूर, छत्रपती संभाजीनगरकडे एकदा पुरे.

उपसताना एक काळजी, आणि ही जिवाची आहे. म्यान डाव्या हातात मुठीसारखं आवळून धरू नका. जुन्या म्यानाच्या फळ्या धारेच्या बाजूने उकललेल्या असतात, बाहेरून मखमलीमुळे दिसत नाहीत, आणि पातं ओढताना फट फाकते. धार थेट बोटांवर येते. म्यान तळहातावर पाठीच्या बाजूने तोला, बोटं धारेच्या बाजूला येऊ देऊ नका, धार वर ठेवा आणि पातं पाठीवर सरकत बाहेर येऊ द्या. अडकलं तर हिसका देऊ नका, आत तेल ओतू नका. गरम तर मुळीच करू नका, लाख ७०-८० अंशांच्या आसपास मऊ होते आणि मूठ सुटते. दिवाळीनंतरची कोरडी हवा येईपर्यंत थांबा. लाकूड आकसलं की बरीचशी पाती आपणहून सैल होतात.

ठिपके काढायचे कसे? आधी गंज जिवंत आहे का बघा. पांढरा कापूस ठिपक्यावर हलका फिरवा. केशरी भुकटी आली तर जिवंत, काही आलं नाही आणि डाग काळपट-तपकिरी असेल तर तो निजलेला; त्याला हात लावू नका. काळं पडलेलं पातं म्हणजे गंजलेलं पातं नव्हे. तो काळसर थर पात्याची कातडी आहे, तोच पुढचा गंज थोपवतो.

जिवंत ठिपक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब ठेवा आणि चोवीस तास विसरा. दुसऱ्या दिवशी बांबूची काडी चपटी तासून तिने खरवडा. बांबू पोलादापेक्षा मऊ, म्हणून पातं ओरखडत नाही. उरलेल्यावर चार शून्यांची (००००) स्टील वूल तेलात बुडवून, पात्याच्या लांबीच्या दिशेने, बोटाने दाब न देता. गोल गोल घासलं की ते वेटोळे कायमचे राहतात. तेही फक्त साध्या पात्यावर. सोन्याची कोफ्तगिरी, कोरीव अक्षरं किंवा जौहर असेल तिथे बांबूपलीकडे जाऊ नका. कोफ्तगिरीचं सोनं केसाहून बारीक ओरखड्यांत ठोकून बसवलेलं असतं, दोनदा घासलं की निघतं. चिंच, विटेची पूड, राख, तांब्यापितळेची पावडर, दात घासायची पेस्ट हे सगळं बाद. भांडी घासणं आणि पातं साफ करणं या दोन वेगळ्या कला आहेत.

तेल पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं, पण कापडावर घेऊन आणि मुठीपासून तीन बोटं दूर. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ते फटीत गेलं तर आतला सांधा तुम्हीच सोडवलात असं समजा. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेण, संग्रहालयं वापरतात ते, मऊ कापडाने अगदी पातळ. अर्ध्या तासाने पुसून चमक आणा, दुसरा थर द्या. मेण मिळालं नाही तर पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा पुसट हात चालेल. खोबरेल किंवा गोडेतेल नको. वनस्पती तेलं हवेत चिकट होतात, धूळ धरतात आणि खवट झाली की स्वतःच आम्ल सोडतात. पूर्वी लावायचे हे खरं, पण पूर्वी ते दर काही दिवसांनी पुसून नवं लावणारा माणूसही होता. हात लावताना सुती किंवा नायट्राइल हातमोजे घाला, घामातल्या मिठाने पडलेला अंगठ्याचा ठसा महिन्याभरात गंजाच्या रेषांनी उमटलेला दिसतो.

या मेणाचा पूजेला थेट फायदा होतो. अष्टमीलाच तपासणी आणि दोन थर मेण करून घ्या. नवमीला चौरंगावर धुऊन वाळवलेलं वस्त्र अंथरा. नवं लाल कापड ओलीत रंग सोडतं, आधी पाण्यातून काढा. तलवार धार बाहेर, मूठ पूजकाच्या उजव्या हाताला. गंध, हळद, कुंकू पात्याला लावायचं तर मेणावर, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि कोरड्या बोटाने. ओलं गंध नको. हळकुंडावर चुना आणि आम्लाची प्रक्रिया करून बनलेलं कुंकू आणि बाजारातलं रंगवलेलं कुंकू, दोन्ही ओली झाली की पात्यावर डाग पाडतात. मी म्हणेन टिळा म्यानाच्या मोहनाळाला किंवा समोर मांडलेल्या सुपारीला लावा. पण पात्याला लावल्याशिवाय घरच्यांचं समाधान होत नसेल, तर मेणावरचा कोरडा ठिपका निरुपद्रवी आहे.

हार पात्यावर नको, चौरंगाच्या कडेने. झेंडूच्या ओल्या देठाखाली चोवीस तासांत गंज येतो, आणि अडचण अशी की बऱ्याच घरांत आयुधं उत्तरपूजेपर्यंत हलवत नाहीत. हलवू नका. फुलं मात्र निर्माल्य म्हणून रात्री काढायला कोणाची हरकत नसते. कापूर आणि उदबत्ती हातभर दूर. धुराची काजळी ओल धरते. आपट्याची पानं वाहायची तर कोरडी पुसून. दसऱ्याला रात्री सगळं उरकल्यावर कोरड्या कापडाने पुसा, गंधाचा ठिपका डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या कापसाने टिपा, लगेच कोरडं करा, पुन्हा एक थर मेण. दोन दिवसांनी परत एकदा बघा, कारण गंज त्या रात्री दिसत नाही.

काही समजुती प्रश्नात नव्हत्या, पण त्याच घरांत असतात म्हणून. शस्त्र ओलांडू नये, पाय लागला तर नमस्कार करावा: पाळा, जमिनीवर पडलेल्या धारेशी यापेक्षा चांगलं वागणं नाही. धारदार वस्तू हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलावी: हेही पाळा. पातं काळं म्हणजे ‘विषाचं पाणी पाजलेलं’ हा मात्र शब्दाचा घोळ आहे. तापवलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून कठीण करण्यालाच लोहार पाणी पाजणं म्हणतात. पाणीदार तलवार ती हीच. भंगलेलं शस्त्र नदीत सोडावं, ही समजूत मूर्तीच्या नियमावरून उचललेली. तुटक्या पात्यालाही इतिहास असतो, ते संग्रहालयाला दाखवा. शेतात किंवा गडावर पातं सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, देव्हाऱ्यात ठेवून भागत नाही. बायकांनी शस्त्राला हात लावू नये असं काही घरांत मानतात. ज्या पात्यात देवी आहे असं म्हणायचं, त्याला बाईचा हात का चालू नये, हे विचारून बघा.

जड शस्त्रांची गोष्ट वेगळी. जेजुरीला खंडोबाचा सुमारे ४२ किलोंचा खंडा आहे, पेशवाईतल्या पानसे सरदारांनी वाहिलेला. दसऱ्याच्या सोहळ्यात तो एका हाताने तोलून धरतात, काही जण दातांनी उचलतात. ती सेवा अंगमेहनतीची आहे आणि ते शस्त्र त्यासाठीच घडवलेलं आहे. आपल्या घरची किलोभराची तलवार शंभर वर्षांपूर्वीच्या लाखेवर उभी आहे, तिला खेळात आणू नका. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाल्यापासून जुने पट्टे माळ्यावरून उतरवून मिरवणुकीत फिरवायची हौस वाढली आहे. पट्ट्याचं लवचीक पातं खोबळ्याला, म्हणजे हात आत जातो त्या मुठीला, रिव्हेटने जोडलेलं असतं, आणि जुना रिव्हेट सुटला की पातं प्रेक्षकांत जातं. फिरवायला नवा पट्टा घ्या.

मिरवणुकीचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, कट्यारी, भाले शस्त्र नियम २०१६ च्या पाचव्या वर्गात येतात, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे सरकार एखाद्या भागासाठी अधिसूचना काढून परवाना सक्तीचा करू शकतं. शिवाय सणासुदीला पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्र बाळगून फिरण्यावर बंदी घालतात. शिखांच्या कृपाणाला संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात स्पष्ट संरक्षण आहे, ते आपल्या तलवारीला लागू होत नाही. घरच्या तलवारीबद्दल स्थानिक पोलीस ठाण्यात एकदा चौकशी करून लेखी उत्तर ठेवा. धार बोथट आहे, मूळ वस्तू किती जुनी आहे, फोटो कोणते, हे त्याच कागदात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परदेशी नेता येत नाही, अमेरिकेतल्या मुलाकडे पूजेला पाठवायचा विचार असेल तर तो सोडा.

भावाभावांत तलवारीची पाळी असेल, दर वर्षी एका घरून दुसऱ्या घरी जात असेल, तर पात्याबरोबर एक वहीही जाऊ दे. कोणत्या तारखेला मेण लावलं, ठिपके कुठे होते, मूठ हलते का, आणि पात्याचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो. पुढच्या खंडेनवमीला ज्याच्याकडे ती येईल त्याला एवढं पुरे.